येस्लर वेवरचा वाकडा बांध

सिएटलला मुलाकडे गेलेल्या आई-बापांना स्पेस नीडल दाखवतात, पाइक प्लेस मार्केट दाखवतात. पायोनियर स्क्वेअर बहुधा राहून जातो. मी म्हणेन, तिथे जाच, आणि येस्लर वे ओलांडताना रस्ते नीट बघा. उत्तरेकडून नाकासमोर आलेला रस्ता तिथे पोचला की वाकडा होतो.

तंटा १८५३चा, आणि चक्क बांधावरचा. गोऱ्यांची वस्ती मूठभर, भोवती रान, आणि हेन्री येस्लरची वाफेवर चालणारी लाकूड कापायची गिरणी. आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी आपल्या जमिनीत किनाऱ्याला समांतर रस्ते आखले. शेजारच्या डॉक्टर डेव्हिड मेनार्डने होकायंत्र लावून थेट उत्तर-दक्षिण. मे महिन्यात दोन्ही नकाशे दाखल झाले. मागे कुणीच सरेना. दारूला न शिवणाऱ्या डेनीने पुढे खापर डॉक्टरच्या पिण्यावर फोडलं. आता, उत्तरेला उत्तर म्हणण्यात दारूचा काय दोष?

मेनार्ड दिलदार. गाव वसावं म्हणून प्लॉट कवडीमोलाने विकायचा, कधी फुकट द्यायचा. गावाला डुवामिश-सुक्वामिश लोकांच्या सरदाराचं नाव द्यायची कल्पनाही त्याचीच. पण ज्यांच्या जमिनीचे हे प्लॉट पडत होते, त्यांच्याशी सरकारचा करार झाला जानेवारी १८५५ मध्ये. म्हणजे आधी विक्री, मग करार! आणि १८६५ मध्ये त्याच गावाने ठराव करून त्या लोकांना हद्दीबाहेर काढलं. कामावर ठेवलेल्यांपुरती काय ती सवलत.

मेनार्डचा स्वतःचा उताराही काही कोरा नव्हता. तेव्हाच्या कायद्याने नवरा-बायकोला मिळून ६४० एकर मिळत, त्यातले निम्मे बायकोच्या नावाने. एरवी बायकांना कोण विचारत होतं, म्हणून हे कलम मला महत्त्वाचं वाटतं. मेनार्डची बायको लिडिया दूर ओहायोत. तिला न कळवताच त्याने डिसेंबर १८५२ मध्ये विधिमंडळाकडून घटस्फोट मिळवला आणि पुढच्याच महिन्यात कॅथरिनशी लग्न केलं. जमीन खात्याने दोघींचेही दावे फेटाळले. लिडियाचा हक्क पुरा व्हायच्या आतच घटस्फोट झालेला, आणि कॅथरिन ठरलेल्या मुदतीत त्याची बायको नव्हती. बायकोच्या वाट्याचे ३२० एकर सरकारजमा झाले आणि तिसऱ्यांच्याच हाती गेले.

लिडियाची मुलं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १८८८ मध्ये निकाल लागला: नवऱ्याचं वागणं निर्लज्जपणाचं, पण घटस्फोट कायदेशीर.