खेळातले गाव

अलीकडे आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर शेतीच्या गप्पा ऐकू येतात. कोणाचा कोबी तयार झालेला असतो, कोणाची कोंबडी रुसून अंडे देत नसते, तर कोणाला गावच्या जत्रेआधी भोपळा पिकवायचा असतो. शेजारून जाणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना क्षणभर वाटावे, की दापोलीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थी वाट चुकून कला शाखेत आले आहेत! चौकशी केल्यावर उलगडा होतो, की ही सारी बागायत मोबाइलच्या पडद्यावर फुललेली आहे. आपले विद्यार्थीबंधू आणि भगिनी एका खेळातल्या गावात राहायला गेले आहेत.

या खेळांना 'कोझी' म्हणतात. आपण त्यांना ऊबदार खेळ म्हणू. खेळणाऱ्याने एक भूमिका घ्यायची, लहानशा गावात बिऱ्हाड करायचे, जमीन कसायची, मासे पकडायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ओळखी वाढवायच्या. आणि अधूनमधून तलवार घेऊन एखाद्या अंधाऱ्या खाणीत उतरायचे, तिथल्या राक्षसांशी दोन हात करायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. अर्धा संसार आणि अर्धे साहस असा हा मामला आहे.

यावर वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला असा, की हा वेळेचा अपव्यय आहे. या आक्षेपाचे मला फारसे भय वाटत नाही. कादंबरी, सिनेमा, क्रिकेट या सर्वांना तो आपापल्या काळी ऐकून घ्यावा लागला आहे. दुसरा आक्षेप मात्र वर्मी लागणारा आहे. घरची खाचरे पडीक टाकून ही मुले खोट्या शेतात पाणी घालतात, असे आमचे वडीलधारे म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात तरी हे हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून या दुसऱ्या आक्षेपाचा विचार करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम या खेळांचा जन्म पाहू. यासुहिरो वाडा हा जपानच्या मियाझाकी भागातला, खेड्यात वाढलेला तरुण टोकियोत नोकरीला गेला. तिथल्या गर्दीत त्याला आपले मागे राहिलेले गाव आठवू लागले आणि त्यातून १९९६ साली 'हार्वेस्ट मून' हा शेतीचा खेळ तयार झाला. कात्सुया एगुची हा असाच दुसरा. चिबा सोडून तो निन्तेन्दो कंपनीत नोकरीसाठी क्योतोला आला. आईवडील दूर, मित्र दूर. त्या एकटेपणातून शेजारधर्माचाच एक खेळ निघाला. २००१ साली आलेला हा खेळ पुढे 'ॲनिमल क्रॉसिंग' या नावाने जगभर गेला. त्याची नवी आवृत्ती २० मार्च २०२० रोजी बाजारात आली, आणि त्याच आठवड्यात आपल्या देशात टाळेबंदी लागली. साऱ्या जगाने दारे लावून घेतली होती, तेव्हा लक्षावधी लोक या खेळात एकमेकांच्या अंगणात जाऊन बसत होते.

आपल्या कट्ट्यावर ज्याचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते तो 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ सालचा. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून तो तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, गोष्टही त्याचीच. २०२४ अखेरपर्यंत या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याचे कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. शहरातल्या कचेरीत टेबलाशी जखडलेला एक तरुण आजोबांनी मरताना दिलेले पत्र उघडतो. त्यात गावाकडची जमीन त्याच्या नावे केलेली असते, आणि तो नोकरी सोडून गावी येतो.

वाचकहो, ही गोष्ट कोणाची आहे? वाडा आणि एगुची हे आपल्या भाषेत चाकरमानीच नव्हेत काय? नोकरीसाठी गाव सुटलेल्या माणसांनी परतीच्या इच्छेने केलेले हे खेळ आहेत. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आपल्या किती पिढ्या गेल्या, हे येथे कोणाला सांगायला नको. मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा अशी आपली ओळख होती. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईत भोंगे थांबले, तेव्हा आपल्या वाड्यांतल्या चुलींनाही त्याची झळ लागली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. म्हणजे दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी ८० हजारांहून अधिक घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले ते आपल्याला ठाऊक आहे. गणपती आणि शिमगा सोडला तर कुलुपे लावलेली घरे ज्या गावांत ओळीने दिसतात, तिथल्या मुलामुलींना भरलेल्या गावाचा खेळ आवडावा यात नवल ते काय?

आणि हा प्रकार आपल्याला नवा तरी कुठे आहे? भातुकली म्हणजे दुसरे काय? बोटभर उंचीची पितळी भांडी, चुरमुऱ्यांचा भात, दाणेगुळाचे पक्वान्न आणि बाहुला-बाहुलीचे थाटात लावलेले लग्न! दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात तो तर या खेळांचा सख्खा भाऊच आहे. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजावर तोफा, चोरवाटेवर मावळे. आणि पायथ्याला विहीर, देऊळ, गवळण, बैलजोडी घेऊन निघालेला शेतकरी, तसेच हळीव पेरून उगवलेले हिरवेगार शेत. नुसता गड बांधून मुलांचे समाधान होत नाही. ज्याच्यासाठी लढायचे ते गाव गडाखाली असावे लागते.

श्रावणातल्या कहाण्या घ्या. नागपंचमीच्या कहाणीत सासुरवाशीण नागाच्या घरी पाहुणी जाते. तिथे तिने काय करायचे, तर बाळंतिणीजवळ दिवा धरायचा! पाताळातले साहस आणि माजघरातले काम एकाच गोष्टीत नांदते. भूमिका घेण्याचे म्हणाल, तर आपल्या जिल्ह्यातल्या नमन-खेळ्यांत दिवसा नांगर धरणारा माणूस रात्री संकासुराचे सोंग घेऊन नाचतो. पाहणाऱ्याला तो कोणाच्या घरचा हे पक्के ठाऊक असते, तरी मजा कमी होत नाही.

साहस आणि संसार यांची ही जोडी का जमते? मला वाटते, त्याचे उत्तर मिरकरवाड्याच्या बंदरावर मिळेल. होडी समुद्रात जाते म्हणून किनाऱ्यावरच्या घराला मोल येते. आणि घरी वाट पाहणारे कोणी असते म्हणून समुद्रात जाण्याला अर्थ येतो. नुसत्या मारामारीच्या खेळात माणूस जिंकतो, पण परत जायला त्याला घर नसते. नुसता संसाराचा खेळ चार दिवसांत आळणी होतो. 'स्टारड्यू व्हॅली'तली खाण १२० मजले खोल आहे. पण वरच्या शेतात पेरलेले बी उद्या उगवणार आहे, म्हणून तिथून वर यावेसे वाटते.

याशिवाय या खेळांच्या ओढीची तीन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे श्रम आणि फळ यांतले अंतर तिथे डोळ्यांना दिसते. बी पेरले, पाणी घातले, चार दिवसांत कंद हातात आला. उलट आपण तीन वर्षे अभ्यास करून पदवी घेतो, आणि तिचे फळ कधी व कुठे मिळणार हे कोणीच सांगू शकत नाही. दुसरे, तिथे चूक झाली तरी कोणी हिणवत नाही. एक दिवस पाणी घालायचे राहिले, तर रोप तेवढा दिवस वाढत नाही, इतकेच. 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये घरासाठी कर्ज मिळते. त्याला व्याज नाही आणि मुदतही नाही. तिसरे कारण शेजाऱ्यांचे. खेळातल्या प्रत्येक गावकऱ्याचा स्वभाव वेगळा, आवड वेगळी, वाढदिवस ठरलेला. आवडीची भेट दिली की तो हळूहळू मोकळा होतो. पु. लं.चा अंतू बर्वा अशा भेटवस्तूने वळला असता असे मात्र मला वाटत नाही. त्याने भेट घेऊन वर चार शब्द सुनावले असते! पण ज्याला शहरातल्या भाड्याच्या खोलीत शेजारच्याचे नावही माहीत नसते, त्याला हे खोटे शेजारही गोड वाटतात.

इतके सगळे मान्य करून आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या खेळातून जे वगळले आहे, ते नेमके आपल्या शेतीचे दुखणे आहे. तिथे आजोबांच्या एका पत्राने जमीन नावावर होते. आपल्याकडे सातबारा काढला, की मुंबई, बडोदे आणि कुठकुठे विखुरलेल्या सहहिस्सेदारांची रांग लागते, आणि सर्वांच्या सह्या होईपर्यंत नातू स्वतः आजोबा होतो. तिथे बुजगावणे उभे केले की कावळे येत नाहीत. आपली वानरे बुजगावण्याच्याच खांद्यावर बसून काकडी खातील! तिथे पाऊस पडला, की पाणी घालण्याचे काम वाचते. इथे मोहोरावर अवकाळी पाऊस पडला, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. भुरी, तुडतुडे, फुलकिडे यांच्या फवारण्यांचा खर्च निराळाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या केल्या. तसले वादळ खेळात येत नाही.

काळाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. 'स्टारड्यू व्हॅली'तला एक दिवस आपल्या घड्याळाने सुमारे १४ मिनिटांचा. ऋतू चार, प्रत्येकी २८ दिवसांचे. म्हणजे अख्खे वर्ष साधारण २६ तासांत उलटते. फळझाड २८ दिवसांत तयार होते, म्हणजे आपल्या साडेसहा तासांत. हापूसचे कलम लावले तर आंबा हाती लागायला पाच-सहा वर्षे थांबावे लागते. आणि तिथे मजूर नाही, मजुरीही नाही. आपल्या अनेक बागांची राखण नेपाळहून आलेले गडी करतात. आपला मुलगा गाव सोडून मुंबईला जातो आणि त्याच्या बागेत राबायला दुसऱ्या देशातला मुलगा आपले गाव सोडून येतो, हे कोडे कुठल्या खेळात बसवायचे?

सर्वच खेळ सारख्या वृत्तीचे असतात असेही नाही. २००९ साली फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'ने घरोघरी वेड लावले होते. तिथे ठरल्या वेळी गेले नाही की पीक वाळायचे, आणि घाई असेल तर खरे पैसे मोजायचे. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद पडला, आणि कोट्यवधींची शेते एका रात्रीत नाहीशी झाली. जो खेळ आपल्याला घटकाभर विसावा देतो आणि जो आपल्याला सावकारासारखा दारी बोलावतो, त्यांतला फरक खेळणाऱ्याने ओळखलाच पाहिजे.

मग वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचे काय? माझे मत असे, की मोबाइलमधल्या शेतामुळे घरचे शेत पडीक पडलेले नाही. ते आधीच पडीक होते. मजुरी परवडत नाही, वाटण्या होत नाहीत, भातातून खर्च सुटत नाही आणि शेतकरी मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, ही त्याची कारणे आहेत. खेळ फक्त एवढेच दाखवतो, की त्या जीवनाची ओढ आमच्या पिढीत मेलेली नाही. सकाळी सहाला उठून पाणी घालावे, स्वतःच्या हाताने पिकवावे, चार माणसांनी नावाने हाक मारावी, असे आम्हालाही वाटते. ज्यांना आमच्यात केवळ आळस दिसतो, त्यांनी ही ओढ पाहावी. मात्र आम्हीही एक लक्षात ठेवले पाहिजे. ओढ असणे म्हणजे काम करणे नव्हे. खेळातल्या म्हाताऱ्या शेजारणीचा वाढदिवस ज्याला पाठ आहे, त्याला आपल्या वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या काकूंचा दिवाही दिसायला हवा.

माझी आणखी एक इच्छा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला साहसखेळ जगापुढे ठेवला. कॅनडातल्या एका तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरावरचा 'वेन्बा' २०२३ साली आला आणि त्याचे कौतुक झाले. मग कोकणातले गाव खेळात का येऊ नये? मृगाचा पाऊस, राब, लावणी, झेल्याने उतरवलेला आंबा, अढी, शिमग्याची पालखी, रत्नदुर्गाखालची गुहा आणि खवळलेला दर्या हे सर्व त्यात असावे. आणि सातबाऱ्यावरच्या वीस नावांच्या सह्या गोळा करणे ही सर्वांत अवघड कामगिरी! चित्रकला, संगीत आणि गोष्ट सांगणे या तिन्ही गोष्टी जाणणारी मुले कला शाखेतच असतात. बॅरोनने एकट्याने केले, ते आपण दहा जणांनी मिळून करायला काय हरकत आहे?

असा खेळ तयार करायचा तर भाजावळ कधी करतात, तरवा किती दिवसांनी उपटतात, पालखी कोणत्या घरी आधी थांबते, हे कोणाला तरी विचारावे लागेल. ते सांगणारी माणसे आज वाडीवाडीतल्या पडव्यांत बसलेली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसलेले बरे.