गुडघे कोणाचे, संशोधन कोणासाठी?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि या व्यवसायातील मंडळींनी एकच आक्रोश केला. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांस विकला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली; टायटॅनियमचा गुडघा २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रुपयांवर आला. या व्यापारातील नफा ३१३ टक्क्यांपर्यंत पोचला होता, असे खुद्द सरकारनेच जाहीर केले. खाजगीकरणावर ज्याची गाढ श्रद्धा आहे अशा सरकारलाही हे पाऊल उचलावे लागले, यावरून लूट किती उघडी पडली होती याची कल्पना यावी.

आक्रोशाचा आशय थोडक्यात असा: किमती बांधल्या की नफा आटतो, नफा आटला की संशोधन थांबते आणि संशोधन थांबले की नुकसान रुग्णाचेच होते. म्हणजे नफेखोरी ही रुग्णसेवाच ठरली! हा युक्तिवाद तेव्हापासून इतक्या वेळा ऐकवला गेला आहे की काही पुरोगामी डॉक्टरही तो निमूटपणे मान्य करू लागले आहेत. म्हणून तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. त्या फुगलेल्या किमतीतील वाढावा आयातदार, वितरक आणि रुग्णालय या तिघांच्या साखळीत वाटला जात होता. या तिघांपैकी संशोधन कोण करीत होता? गोदामातून शस्त्रक्रियागृहापर्यंत खोके पोचवण्याला संशोधन म्हणावयाचे असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय प्राधिकरणाने बांधली ती वस्तूची किंमत. खाट, शस्त्रक्रियेचे शुल्क, तपासण्या या साऱ्यांना त्या आदेशाने हातही लावला नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. आधुनिक सांधेबदल शस्त्रक्रियेचा पाया १९६२ च्या सुमारास जॉन चार्न्ली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे घातला. ते रुग्णालय ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारे, आणि त्यापूर्वी क्षयरोग्यांसाठी वापरले जाणारे. मोडलेली आणि आखूड झालेली हाडे हळूहळू ताणून नवे हाड निर्माण करण्याची पद्धत गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० नंतर सायबेरियातील कुर्गान या आडगावी विकसित केली. तिचे मुख्य साधन म्हणजे हाडातून आरपार घातलेल्या तारा आणि त्यांना ताणून धरणारी पोलादी कडी. आरंभीच्या तारा सायकलच्या चाकाच्या होत्या. मॉस्कोच्या प्राध्यापकांनी या खेड्यातल्या डॉक्टरची वर्षानुवर्षे उपेक्षा केली, हेही सांगितले पाहिजे. नोकरशाही कोणत्याही झेंड्याखाली नोकरशाहीच असते. परंतु पश्चिमेला ही पद्धत १९८० नंतर कळली, ती काही कोणा कंपनीच्या प्रयोगशाळेतून नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थशास्त्राचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ज्या ज्ञानामुळे विक्री वाढते ते ज्ञान बाजार जरूर निर्माण करतो. परंतु ज्या ज्ञानामुळे विक्री घटते त्यासाठी बाजार छदामही खर्च करीत नाही. अमुक शस्त्रक्रिया अनावश्यक आहे, हे सिद्ध करण्यात कोणत्या उत्पादकाचे हित आहे?

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो आतून धुण्याची व खरवडण्याची शस्त्रक्रिया जगभर सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात १८० रुग्णांवर तिची कसोटी घेण्यात आली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या त्वचेवर केवळ चिरा देऊन टाके घातले. आपल्या वाट्याला काय आले हे रुग्णांना कळू दिले नाही. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ लटक्या शस्त्रक्रियेहून अधिक नव्हता.

गुडघ्यातील अस्थिबंधाचेही, ज्याला खेळाडू लिगामेंट म्हणतात, असेच आहे. पुढचा अस्थिबंध तुटला की तो लगेच नव्याने बांधून घ्यावा, असा सर्वत्र आग्रह असे. स्वीडनमधील संशोधकांनी १२१ तरुणांचे दोन गट केले. एकात लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार. दुसऱ्यात आधी व्यायामोपचार आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या तरुणांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरर्थक आहे असा कोणी करू नये. ब्रिटनमध्ये सार्वजनिक निधीतून झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुनी दुखापत असून गुडघा डळमळत असेल तर शस्त्रक्रियाच अधिक गुणकारी, असे दिसून आले. ज्याला काही विकावयाचे नसते तो संशोधक ‘करा’ही म्हणू शकतो आणि ‘करू नका’ही. विक्रेत्याला यातला एकच शब्द ठाऊक असतो.

आणि विक्रेत्यावर विसंबून राहिले की काय होते, याचा अनुभव आपल्या देशाने खुब्याच्या बाबतीत घेतला आहे. जॉन्सन अँड जॉन्सन या बलाढ्य कंपनीच्या डीप्यू या शाखेने बनवलेला धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आला. कारण तेथे १९९९ पासून प्रत्येक सांधेबदलाची राष्ट्रीय नोंद ठेवली जात होती आणि हा खुबा वारंवार काढावा लागतो, हे त्या नोंदींतून आधीच ध्यानात आले होते. जगभरातून तो माघारी बोलावला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये; तिचा अहवाल २०१८ मध्ये लोकांसमोर आला, आणि तेव्हा उघड झाले की बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नाही. सदोष धातू शरीरात घेऊन ही माणसे कोठे गेली? ज्या देशात बैलाच्या खरेदीची पावती मिळते, त्या देशात माणसाच्या मांडीत बसवलेल्या खुब्याची नोंद नसावी! डॉक्टरांच्या संघटनेची एक नोंदवही आहे. परंतु ती ऐच्छिक, आणि ज्याला लपवावयाचे आहे तो स्वेच्छेने कशाला लिहील?

एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न उरतोच: गुडघे झिजतात कोणाचे आणि कशाने? वय आणि वजन ही कारणे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली असतात. काम हे कारण मात्र तेथे आढळत नाही. ब्रिटनमध्ये सरकारनियुक्त तज्ज्ञ मंडळाने उपलब्ध संशोधन तपासले आणि २००९ पासून, भूगर्भात किमान दहा वर्षे काम केलेल्या कोळसा खाणकामगाराची गुडघ्याची झीज हा व्यवसायजन्य आजार मानला जाऊ लागला. पाठोपाठ गालिचे बसवणाऱ्या कारागिरांचाही समावेश झाला. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस होता, उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बॅगॅसोसिसही होता, गुडघा नव्हता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील यादीही त्याच वळणाची. म्हणजे ऊस कारखान्यात शिरून त्याचे चिपाड झाल्यावर कायद्याला कामगार दिसतो. तोच ऊस फडात तोडणारा दिसत नाही.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी निघणारे कोयते पाहावेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. वाकून बुडख्याशी घाव घालावयाचा, उकिडवे बसून मोळी बांधावयाची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवावयाची. मजुरी टनावर, आणि खाडा झाला तर उचल अंगावर फिरते. कारखान्याच्या ताळेबंदात यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी घसारा काढून ठेवतात. तोडणी करणाऱ्या बाईच्या गुडघ्याचा घसारा कोणत्या खात्यावर पडतो? तो तिच्याच अंगावर पडतो, आणि चाळिशीतच ‘वय झाले’ म्हणून तिची बोळवण होते. तिला व्यायामोपचार सांगणारा डॉक्टर चुकत नाही; पण तीन महिने आराम आणि रोज व्यायाम हे औषध तिला लाखाच्या कृत्रिम गुडघ्याइतकेच महाग आहे. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणण्यासाठी हमालांच्या संघटनांनी जो दीर्घ लढा दिला, त्याने किती पाठी आणि किती गुडघे वाचले याचा अभ्यास कोणा अस्थिरोगतज्ज्ञाने हाती घ्यावयास हवा. त्याला अनुदान देणारी कंपनी अर्थातच मिळणार नाही.

म्हणून किंमत-मर्यादेचा जयजयकार करून कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक सांधेबदलाची नोंद कायद्याने सक्तीची झाली पाहिजे आणि ती नोंदवही शासनाच्या ताब्यात व लोकांना खुली असली पाहिजे. व्यवसायजन्य आजारांच्या यादीत गुडघ्याचे नाव घालून घेण्याची मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरलेले आहे. त्यातील काही पैशातून, येत्या गळीत हंगामात फडावर जाऊन, तोडणी कामगारांचे गुडघे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडून तपासून घ्यावेत आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, एवढा ठराव तरी तालुका शाखांनी दिवाळीपूर्वी करून पाठवावा. दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात.