तळहाताने अडवता येणारा निरोप

टीव्हीचा रिमोट रुसला की घरोघरी उपचार एकच. तळहातावर दोन थापा मारायच्या, सेलची अदलाबदल करायची आणि तरीही हटून बसला तर नवा आणायचा. त्याच्या टोकाचा इवलासा दिवा टीव्हीला काय सांगत असतो, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे बटण दाबून पाहा. डोळ्यांना न दिसणारा तो अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश पुष्कळशा मोबाइलांच्या पडद्यावर जांभळट लुकलुकताना दिसतो.

आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखींची गर्दी असते. त्यांतले काही थेट दुकानातून आलेले असतात, हे परीक्षकही जाणून असतात. त्यापेक्षा आठवी-नववीतल्या दोघांना टेबलाच्या दोन टोकांना बसवावे आणि या प्रकाशातून एकमेकांना नाव पाठवायला लावावे, असे माझे मत आहे. साहित्य थोडके लागते. दोन आर्डुइनो, रिमोटमधल्यासारखा एक दिवा, ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर आणि २२० ओहमचा एक रोध. सारे ५ व्होल्टवर चालते.

ऊन आणि जुने पिवळे बल्बही हाच प्रकाश फेकत असतात. म्हणून आपला दिवा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकवायचा. रिसीव्हर तेवढाच ताल ओळखतो, बाकीच्या गोंगाटाकडे दुर्लक्ष करतो. मग बिट एकामागून एक सोडायचे. अक्षराचे आठ, आधी सुरुवातीची खूण, नंतर शेवटाची, असे दहा. वेग सेकंदाला १२०० बिट ठरवला तर १२० अक्षरे जातात. मात्र हा हिशेब रोमन अक्षरांचा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत 'राम' देवनागरीत पाठवायला नऊ घरे लागतात, रोमनमध्ये तीन. मराठी मुलाला हे कळले तर बरेच आहे!

दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवून घेतला नाही, तर पलीकडे कचरा उमटतो. मजकूर बरोबर पोचला का, हे ताडण्यासाठी शेवटी बेरीज पाठवतात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ही बेरीज लगेच ओळखीची वाटते. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्हीही घरी जात नसू. इथे मध्ये कुणाचा हात आला की बेरीज फसते. निरोप पुन्हा मागायचा, तर पलीकडेही दिवा हवा आणि अलीकडे रिसीव्हर.

ब्लूटूथ असताना ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. २००० नंतरच्या काही वर्षांत नोकियाचे फोन नाकाला नाक लावून याच प्रकाशातून फोननंबर देत-घेत, ते दिवस ब्लूटूथने संपवले हे खरे. पण ब्लूटूथ येतो बंद चिपमधून. त्याचा निरोप मुलाला तळहाताने अडवता येत नाही. तळहात मध्ये धरला की अक्षर थांबते, काढला की पुन्हा उमटते, हे एकदा पाहिलेले मूल पुढचा प्रश्न स्वतःच विचारते.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत यंत्रे एकमेकांशी सारखी बोलत असतात. त्याच छत्रपती संभाजीनगरातली आपली मुले यंत्रांची नुसती बटणे दाबत मोठी व्हावीत, हे मला खटकते. विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची नायलिट आहे. तिथल्या कुणी वर्षातून दोन रविवार एखाद्या शाळेला दिले, तर शिक्षकांचीही भीड चेपेल.

घरातल्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर पुष्कळदा एक छोटी गोल खिडकी असते. तिच्यातूनही याच प्रकाशाने, वायर न जोडता, आकडे वाचता येतात. मीटरला मुलांनी हात लावायचा नाही. पण बिल आल्यावर वडिलांना ती खिडकी कशासाठी आहे, एवढे त्यांनी जरूर सांगावे.