रेसकोर्सवरचा स्लॅश
सोयगावची चार पोरं पाचोऱ्याहून रेल्वे धरून मुंबईला गेली, ती 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन रोझेस’ ऐकायला. हा बँड 2012 मध्येही मुंबईत येऊन गेला होता, पण तेव्हा गायक ॲक्सल रोझसोबत गिटारवादक स्लॅश नव्हता. जुलै 1993 मध्ये ब्युनोस आयर्सच्या उघड्या स्टेडियममध्ये या दोघांचा एकत्र दौरा संपला, आणि ते पुन्हा एका मंचावर उभे राहिले ते थेट 2016 मध्ये. तो दौरा संपला तेव्हा या पोरांचा जन्मही झालेला नव्हता, तरी ‘नोव्हेंबर रेन’ या गाण्यातला गिटारचा तुकडा त्यांना तोंडपाठ! वरच्या पट्टीत ॲक्सलचा आवाज आता दमतो, हे त्यांनीच मला सांगितलं. लगेच हेही सांगितलं, की उंच टोपीखाली मान घालून स्लॅशने तार छेडली तेव्हा शेजारचे पन्नाशीचे अनोळखी गृहस्थ ढसाढसा रडत होते. मला ते रडणं पुरेपूर पटतं. तमाशासाठी रात्र जागवणाऱ्या आमच्या भागाला, फडात जुना ढोलकीवाला परतला की काय होतं, ते ठाऊक आहे. म्हणूनच वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या आयोजकांकडे एकच मागणं: सोनेरी महालासमोरची एक रात्र मराठी रॉकलाही द्या.