सनद दाखवा, मग फॉरवर्ड करा

शुक्रवारी सकाळी शहाड स्टेशनवर लोकलची वाट बघत मोबाइल उघडलात, की फॅमिली ग्रुपवर 'जुम्मा मुबारक'चे गुलाब आलेले असतात. त्याखाली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन. शेजारी बारीक अक्षरात 'सहीह बुखारी'. आणि सगळ्यात खाली, 'दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत खुशखबर येईल.' तुम्ही मुस्लिम नसाल तर हदीसच्या जागी दुसरं काही असेल, पण ते दहा जण सगळीकडे सारखेच!

मग पाठवायचं का?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार मुहम्मद (स.) हे शेवटचे प्रेषित. त्यांच्यानंतर नवा कोणी येणार नाही. शिवाय माणूस आणि अल्लाह यांच्यामध्ये पुरोहितही नाही. मग ही शिकवण पुढे न्यायची कोणी? 632 मधल्या निरोपाच्या हजमध्ये पैगंबरांनीच ते सांगून ठेवलं: इथे जे हजर आहेत, त्यांनी ते गैरहजर असलेल्यांपर्यंत पोचवावं. काम फक्त मौलानांवर सोपवलेलं नाही. ते कॅम्प एकमधल्या शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाचंही आहे, आणि बी.कॉम.ला केटी लागलेल्या त्याच्या मुलीचंही.

याच अर्थाची एक हदीस व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरते. माझ्याकडचं एक वाक्य का असेना, ते पोचवा, असा तिचा आशय. बरोबर आहे, बुखारीत ती आहे. गंमत अशी, की फिरते ती अर्धीच. त्याच हदीसच्या शेवटी इशारा आहे: जो जाणूनबुजून माझ्या नावावर खोटं सांगेल, त्याने आपली जागा नरकात धरावी. पोचवण्याची आज्ञा आणि खोट्याबद्दलची ताकीद एका दमात आलेली आहे. आपण पहिला भाग ठेवला आणि दुसरा क्रॉप केला.

जुन्या लोकांनी तो क्रॉप केला नव्हता. हदीस सांगणाऱ्याला विचारलं जायचं, तू कोणाकडून ऐकलंस? त्याने कोणाकडून? नावांची ही साखळी म्हणजे सनद. साखळीतला प्रत्येक माणूस खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती धड होती का, ज्याचं नाव सांगतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, हे सगळं तपासलं जायचं. नवव्या शतकात इमाम बुखारींनी याच चाळणीतून आपला संग्रह केला. आज आपल्याकडे चाळणी कुठली, तर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'.

खरं तर आपल्याला हे कोणी शिकवायची गरज पडू नये. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक ऐकतच आपण मोठे झालो. (त्यातला बराच माल टिकाऊ असायचा, ही गोष्ट वेगळी.) लेबल कुठेही शिवता येतं, हे या शहराला कळत नसेल तर कोणाला कळणार?

उदाहरणं हवीत? पैगंबरांच्या अंगावर रोज कचरा टाकणारी ती म्हातारी. शाळेपासून ऐकलेली, भाषणस्पर्धेत हमखास टाळ्या घेणारी गोष्ट, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. 'ज्ञानासाठी चीनपर्यंत जा' हे वाक्य इब्न अल्-जौझी यांनी बाराव्या शतकातच बनावट हदीसांच्या यादीत टाकलं होतं. 15 ऑगस्टच्या भाषणांतलं 'देशप्रेम हा ईमानचा भाग आहे' हेही पैगंबरांचं वचन नाही, असं हदीसचे अभ्यासक सांगतात. आता लगेच कोणी म्हणेल, अरे, पण अर्थ तर चांगला आहे ना! आहेच. मग तो स्वतःच्या नावावर सांगा की. देशावर प्रेम करायला खोटी सही कशाला लागते? आणि क्षमेचाच दाखला हवा असेल, तर 630 मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी जुन्या शत्रूंना दिलेली माफी आहे. ती नोंदलेली आहे.

पण वचन तपासून पाठवलं की काम झालं, असंही नाही. 2020 चा रमजान आठवतोय? लॉकडाऊन होता, लोकांचे धंदे बंद होते. इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांमधून 36 लाख रुपये उभे केले आणि तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. त्या खाटेवर कोण झोपणार, हे कोणी विचारलं नाही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दलच्या हदीसा त्या यंत्रमागवाल्या शहरात कोणी त्या महिन्यात फॉरवर्ड केल्या असतील-नसतील. शेजाऱ्यापर्यंत त्या पोचल्या, एवढं खरं.

28 सप्टेंबर 2023 ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं. गणपतीच्या गर्दीला रस्ता मोकळा राहिला. हाही एक प्रकारे पोचवलेला निरोपच.

आणि दुसऱ्या बाजूला डीजे. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की गणेशोत्सवात जो आवाज घातक, तो ईदच्या जुलूसमध्येही घातकच. ज्यांच्या जन्मदिवसाचा जुलूस, त्यांनी वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा एक भाग मानला. ही हदीस मात्र पक्की आहे, सहीह मुस्लिम या संग्रहात मिळते. जुलूस पुढे गेल्यावर मागे सरबताच्या प्लॅस्टिक ग्लासांचा जो खच पडतो, तो गटारातून वालधुनीत जायच्या आत उचलायला चार पोरं आणि दोन गोण्या पुरतात. येत्या मिलादला कॉलेजच्या ग्रुपवर आधी ती चार नावं टाका. गुलाब नंतर.