वर्गणीदारांचा हक्क हिशेबावर, कात्रीवर नाही



शॉर्टफिल्मसाठी गावात वर्गणी फिरवणं म्हणजे शिकल्यासवरल्या मुलांनी हात पसरणं, अशा आशयाचं पत्र गेल्या आठवड्यात या सदरात वाचलं. पत्रलेखकांचा रोख ज्या विद्यार्थिनीकडे आहे, ती आमच्या वाई तालुक्यातली. तिच्या फिल्मला मीही वर्गणी दिली आहे. ती का दिली, हे जाहीरपणे सांगायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

पत्रलेखक म्हणतात, निर्माता शोधावा, नाहीतर कर्ज काढावं. पण वीस मिनिटांची फिल्म चित्रपटगृहात लागत नाही, तिचं तिकीट विकलं जात नाही. पैसा परत येण्याची आशा नसेल, तर निर्माता हात का घालील? आणि अजून शिकणारी मुलगी कर्ज कशातून फेडील? तरीही अशा फिल्म झाल्या पाहिजेत, कारण दिग्दर्शक त्यांतूनच घडतात. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म विद्यार्थिदशेत केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘फँड्री’ त्यानंतर आला.

आपल्याकडचा सिनेमा पहिल्यापासून चार जणांच्या हातभारावरच उभा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठलं. परत आल्यावर भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी मटाराचं रोप उगवतानाची छोटी फिल्म करून दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाकही सांभाळला. पुढे १९७६ साली ‘मंथन’साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि श्रेयनामावलीत त्यांचाच उल्लेख झाला. याला हात पसरणं म्हणायचं का?

आमच्या भागाला शूटिंग नवं नाही. मेणवलीत ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं, त्यानंतरही मोठमोठी युनिटं येत राहिली. वाड्याचं दिवसाचं भाडं काय, हे इथे लोकांना तोंडपाठ आहे. तरी या मुलीकडे कुणी भाडं मागितलं नाही. कुणी पडवी दिली, कुणी पिठलं-भाकरी पाठवली, शॉट सुरू असेपर्यंत गिरणीवाल्याने गिरणी बंद ठेवली.

तिची खरी अडचण शूटिंग आटोपल्यावर सुरू झाली. फिल्ममधली म्हातारी आत्या भावाशी एकच वाक्य बोलते. त्या वाक्यामागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर ऐकू येते. आमच्या कानांना ती सवयीची, त्यामुळे त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आली नाही. माईकने मात्र ती नेमकी पकडली. मग ते वाक्य पुन्हा डब करायचं, पावलांचे, भांड्यांचे आवाज नव्याने घ्यायचे, मिक्सिंग, रंगांचं काम, सबटायटल्स. स्टुडिओ तासाच्या हिशेबाने पैसे लावतो, तिथे पिठलं-भाकरी चालत नाही. शूटिंग दिसतं म्हणून लोक मदतीला धावतात. त्यानंतरचं काम दिसत नाही म्हणून फिल्म हार्ड डिस्कमध्ये पडून राहते. आमची वर्गणी या न दिसणाऱ्या कामासाठी होती आणि त्यामुळेच फिल्म पुरी झाली.

आता नाजूक मुद्दा. फिल्मचा विषय हक्कसोड, म्हणजे बहिणीने माहेरच्या मिळकतीतला वाटा सही करून सोडून देणं, हा आहे. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी आजही मुकाट्याने सह्या करतात. सहीचा प्रसंग गाळ, गावाची बदनामी होते, असं काही वर्गणीदारांनी तिला सांगून पाहिलं. तिने तो ठेवला आणि योग्यच केलं. शंभर रुपये देऊन कथा विकत घेता येत नाही. वर्गणीदाराला पै-पैचा हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे, फिल्मवर कात्री चालवण्याचा नाही. आपल्याला सोयीचं तेवढंच दाखवून घ्यायचं असेल, तर सरळ जाहिरात करून घ्यावी.

विद्यार्थ्यांनीही काही पथ्यं पाळायला हवीत. विषय काय, खर्च किती, हे वर्गणी घेण्याआधी सांगावं. जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावावा. पहिला खेळ गावात करावा, महोत्सव त्यानंतर. या मुलीने हे सगळं केलं आहे. खेळ संपल्यावर चावडीसमोर दोन तट पडून वाद झाला, तोही मला हवासा वाटला. हक्कसोडीबद्दल गावात उघडपणे बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

गणेशोत्सवाला, जत्रेला आपण हात आखडता घेत नाही. मंडळांनी आणि यात्रा कमिट्यांनी यंदाच्या शिलकेतून थोडी रक्कम आपल्या भागातल्या एका विद्यार्थ्याची अडलेली फिल्म पुरी करण्यासाठी काढावी, कथेबाबत कोणतीही अट न घालता. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. पत्रलेखकांनी त्या बैठकीला जरूर यावं आणि विरोध असेल तर तो तिथे समोरासमोर मांडावा.

— एक वर्गणीदार, वाई तालुका (जि. सातारा)