शहर एकटे नसते

‘सिमसिटी’ या नगररचनेच्या खेळमालिकेतला श्रेष्ठ भाग कोणता, हा वाद निघाला की एक उत्तर हटकून येते: जो नवा तो सरस. २०१३च्या भागात इमारती रेखीव आहेत, रस्ते वळणदार आहेत, माणूस न् माणूस चालताना दिसतो. मग २००३चा ‘सिमसिटी ४’ कवटाळून बसण्यात काय अर्थ? मला हे उत्तर मान्य नाही, कारण त्यामागचा निकषच चुकीचा आहे.

शहर उभारण्याचा खेळ शहर म्हणजे काय याविषयी एक मत मांडत असतो. विल राइट यांनी १९८९मध्ये पहिला ‘सिमसिटी’ आणला, तो जे फॉरेस्टर यांच्या १९६९मधल्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथाच्या प्रभावातून. फॉरेस्टर यांच्या गणितात शहराबाहेरचे जग अमर्याद धरले होते. तिथून माणसे येतात, तिथे जातात. शहर कसेही वागले तरी त्या जगाचे काही बिघडत नाही. पहिल्या खेळातही नकाशाच्या कडेपलीकडे काही नव्हते.

हे गृहीतक किती खोटे आहे, ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत उभे राहिले की कळते. वैनगंगेच्या काठी तट आणि खंदकाने वेढलेले हे प्राचीन नगर. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप सापडला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. तटबंदीने शत्रू अडला असेल, पण बौद्ध धर्माबरोबर आत आलेले बाहेरचे जग अडले नाही. आजही तेच. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणात येऊन साठते. त्या धरणाची पायाभरणी १९८८ची. धरणाखाली गावे गेली, ती दूरवरच्या शेतांना पाणी मिळावे म्हणून. पवनीचा एकही प्रश्न पवनीच्या हद्दीत सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही.

म्हणून माझा निकष एकच: खेळात शेजारी आहे का? ‘सिमसिटी २०००’ने चढउतार आणि जमिनीखालचे नळ आणले, नकाशा खोल झाला, रुंद झाला नाही. १९९९च्या ‘सिमसिटी ३०००’मध्ये शेजारी शहरांशी वीज, पाणी आणि कचऱ्याचे करार करता येऊ लागले. पण तो शेजारी म्हणजे सीमेवर लिहिलेले नुसते नाव. कचरा हद्दीपार गेला की संपला, कारण तो जिथे पडला ते गाव उघडून बघायची सोयच नव्हती.

‘सिमसिटी ४’ने ती सोय केली. इथे संपूर्ण प्रदेश दिला आहे. एक, दोन आणि चार किलोमीटर बाजूचे लहानमोठे चौकोन एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येकाचे महापौर तुम्हीच. एका गावात राहणारे दुसऱ्या गावात कामाला जातात. शेतीसाठी वेगळी जमीन राखता येते. कचरा शेजाऱ्याकडे पाठवलात तर त्याची विल्हेवाटही दुसऱ्या दिवशी तिथे बसून तुम्हालाच लावावी लागते. माझ्या मते या मालिकेतली सर्वांत मोठी झेप हीच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: २०१३च्या भागातही प्रदेश आहे, शिवाय शेजारचे शहर खरोखर दुसरा माणूस चालवू शकतो. खरे आहे, आणि ती कल्पना चांगलीच होती. पण तिथली शहरे जेमतेम दोन किलोमीटरच्या ठरावीक तुकड्यांवर एकमेकांपासून सुटी बसवलेली. मधल्या जमिनीवर तुम्हाला काहीच करता येत नाही. शेती तर नाहीच. पवनी आणि नागपूर यांच्यामधली धानाची शेते, तलाव, खेडी वगळली तर उरलेल्या दोन ठिपक्यांना प्रदेश कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ‘सिमसिटी ४’मध्येही प्रदूषण हद्द ओलांडत नाही. धूर ओकणारे कारखाने शेजारच्या चौकोनात ढकलून आपले शहर स्वच्छ ठेवणारे खेळाडू कमी नाहीत. हा दोष मी झाकत नाही. नाग नदीचा प्रवास त्या खेळात दाखवता येणार नाही. मात्र हा दोष दिसतो, तो त्या खेळाने शेजारचा चौकोन आपल्या हाती दिला म्हणूनच. आधीच्या भागांत असा प्रश्न विचारायलाही जागा नव्हती.

‘हा तर खेळ, त्यात एवढे काय बघायचे?’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: आज नकाशावर शहर आखणारी मुले उद्या नगरपरिषदेत, पाटबंधारे खात्यात बसतील. त्यांना सुंदर चौक आखता आला नाही तरी चालेल. आपल्या नळातून सुटलेले पाणी कोणाच्या गावात पोचते, हे विचारण्याची सवय मात्र लागलीच पाहिजे. ती सवय या मालिकेत ‘सिमसिटी ४’ लावतो, म्हणून श्रेष्ठत्वाचा मान त्याचा.